नागलीच्या पिठावर संस्था कशी उभी राहते: गावातल्या गटांसाठी हिशोबापासून बाजारापर्यंतची वाट

अकोले तालुक्यापासून इगतपुरीपर्यंत सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांतून फिरताना समाजमंदिराच्या मागच्या खोलीत हमखास एक दळणयंत्र दिसतं, गोणपाटाखाली झाकलेलं. शेजारी सीलिंग मशीन, भिंतीवर उद्घाटनाचा फोटो आणि कपाटात छापून आणलेल्या शेकडो रिकाम्या पिशव्या. बायकांना विचारलं की त्या सांगतात, "प्रकल्प संपला, विक्री बघणाऱ्या ताईंचा पगार थांबला, मग गिऱ्हाईक बघायला कुणी उरलंच नाही."

माल वाईट होता असं कुणीच म्हणत नाही. मी अशा गटांच्या जुन्या वह्या मागून घेऊन वाचते. बहुतेक वह्यांत एकच गोष्ट सापडते: पाकिटाची किंमत ठरवताना ताईंचा पगार कधी धरलेलाच नव्हता. तो अनुदानातून यायचा, म्हणून तो खर्च आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. अनुदानाने तीन वर्षं झाकलेला तोटा चौथ्या वर्षी उघडा पडला.

हा लेख गावातल्या सामाजिक संस्था, ग्रामसंघ आणि बचत गट यांच्यासाठी आहे. आपल्या भागात पिकणाऱ्या अन्नावर त्यांना काही उभं करायचं आहे आणि ते टिकवायचंही आहे, असं गृहीत धरलं आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: अनुदान एकदाच घ्यायच्या वस्तूंवर आणि शिकण्यावर खर्च करा, आणि महिन्याचा खर्च विक्रीतून निघेल अशी किंमत पहिल्या पाकिटापासून लावा. उदाहरणाला मी नागली घेतली आहे. कोकणात हिला नाचणी म्हणतात. तुमच्याकडे कोकम, ज्वारी, हळद, तूर काहीही असो, हिशोबाची रीत हीच.

आधी चार बाजार बसून काढा

यंत्राचं कोटेशन मागवायच्या आधी तालुक्याच्या आठवडी बाजारात लागोपाठ चार आठवडे बसा. गटातल्या दोघीजणी, एक वही आणि सकाळी नऊपासून बाजार उठेपर्यंतचा वेळ एवढंच लागतं. बाहेरच्या तालुक्यातून काय येतं आणि किती खपतं ते लिहायचं. मसाला कुठला, पापड कुठले, डाळ कुठून आली, शेवया कुणी केल्या, बिस्किटाचे किती पुडे गेले. मग किराणा दुकानदार, खानावळी, आश्रमशाळा, अंगणवाडी आणि लग्नाची पंगत उठवणारे आचारी यांना भेटायचं. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: महिन्याला किती लागतं, काय भावाने घेता, पैसे किती दिवसांनी देता.

हा तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि पुढे त्याच्यापायीच अडकतात.

चार आठवड्यांनी वही उघडली की गावाचा पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो ते दिसतं. आमच्या पट्ट्यात नागली पिकते, ती घरात खाऊन उरली की व्यापाऱ्याला दाण्याच्या भावाने जाते. आणि त्याच बाजारात बाळाच्या खिमटीचं चकचकीत पाकीट शहरातून येतं. मधली किंमत भलतीकडेच जाते. ती मधली किंमत गावात थांबवणं, एवढाच आपला धंदा.

वस्तू निवडताना

माझ्या तीन अटी आहेत. कच्चा माल एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरात मिळावा. तो पदार्थ इथल्या बायकांना आधीपासून उत्तम करता यावा. आणि तो निदान तीन महिने टिकावा. पहिल्या वर्षी एकच वस्तू घ्या, फार तर दोन. बारा प्रकारची लोणची, सात सरबतं आणि चार चटण्या मांडणारे गट मी पाहिले आहेत. प्रत्येकाच्या पंचवीस-तीस बरण्या आणि एकाचीही चव दोन वेळा सारखी नाही.

नागलीचं मोडाचं पीठ या तिन्ही अटींत बसतं. १०० ग्रॅम नागलीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे गहू-तांदळाच्या कितीतरी पट. बाळंतिणीला आणि लहान मुलांना ती देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि तेव्हापासून शहरातलं गिऱ्हाईकही नाव घेऊन मागतं.

करण्याची पद्धत जरा सविस्तर सांगते, कारण तक्रारी इथेच तयार होतात. दाणा पाखडून चाळून घ्या, मग मोठ्या टोपात पाणी भरून हलवा आणि वरचा दाणा निथळून काढा. खडे-माती तळाला बसते. असं तीन-चार पाण्यांनी करा. पिठातली कचकच ही नागलीची सगळ्यात मोठी तक्रार असते आणि ती चाळणीने जात नाही, निथळूनच जाते. रात्रभर भिजवून सुती कापडात बांधा. उन्हाळ्यात एका दिवसात मोड दिसतो, थंडीत दीड ते दोन दिवस लागतात. मोड दाण्याएवढा झाला की थांबा. लांब झाला तर पीठ कडवट लागतं आणि आंबूस वासाची भीती असते. जाळीच्या झाकणाखाली उन्हात कडकडीत वाळवा. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. चोळून मोडांची मुळं पाखडा, मंद आचेवर हलकं भाजा, गार करा, दळा आणि दळल्यावर पुन्हा गार करा. गरम पीठ पिशवीत भरलं की आतल्या आत वाफ धरते आणि पंधरवड्यात गुठळ्या होतात.

पावसाळ्यात वाळवण होत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत मोड आणून वाळवलेला दाणा हवाबंद पिंपांत भरून ठेवायचा आणि पावसाळ्यात मागणीप्रमाणे फक्त दळायचा. पिठापेक्षा दाणा कितीतरी जास्त टिकतो.

किंमत: इथे घाई करू नका

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. १०० किलो नागलीचा एक घाणा धरू. त्यातून ८० किलो पीठ मिळालं असं समजू. बाकीचं माती, कोंडा, मुळं आणि चाळ यांत जातं.

नागली ५० रुपये किलोने ५,००० रुपये. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामाला जाहीर केलेली आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. गटाने त्याच्या खालच्या भावाने आपल्याच गावच्या शेतकऱ्याकडून माल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. निवडणं, धुणं, मोड, वाळवण, भाजणं, भरणं यांना मिळून १२ दिवसांची मजुरी, ३५० रुपयांनी ४,२०० रुपये. दळण ५००. सरपण, वीज, पाणी ३००. अर्ध्या किलोच्या १६० पिशव्या लेबलसह ६ रुपयांनी ९६०. वाहतूक ६००. बेरीज ११,५६० रुपये, म्हणजे किलोला साधारण १४५ रुपये.

बहुतेक गट इथे थांबतात. १४५ ला पडलं, १६० ला विकू, किलोमागे १५ सुटले म्हणतात.

आता न धरलेले खर्च धरा. फाटलेली, परत आलेली, न खपलेली पाकिटं पाच टक्के, म्हणजे घाण्याला सुमारे ५८० रुपये. सव्वा लाखाच्या आतबाहेर पडलेलं यंत्र पाच-सहा वर्षं चालतं, म्हणून वर्षाला २०,००० रुपये त्याची झीज. वर्षाला ४० घाणे काढले तर एका घाण्यावर ५०० रुपये. गिऱ्हाईक सांभाळणारी, हिशोब लिहिणारी एक मुलगी महिना १२,००० रुपयांवर, वर्षाचे १,४४,००० रुपये, घाण्यावर ३,६००. जागेचं भाडं, नोंदणी, तपासणी, फोन यांचे वर्षाला २०,००० रुपये, घाण्यावर आणखी ५००. हे सगळं मिळवलं की बेरीज १६,७४० रुपयांवर जाते. किलोला २०९ रुपये.

म्हणजे १६० ने विकणारा गट किलोमागे १५ कमवत नाही, ४९ गमावतो. ४० घाण्यांचे वर्षाला दीड लाखाहून जास्त. प्रकल्प चालू असेपर्यंत हे दीड लाख अनुदानातून भरून निघतात, म्हणून दिसत नाहीत.

२०९ वर दहा टक्के ठेवले की २३० रुपये किलो, हा तुमच्या हातात पडलाच पाहिजे असा भाव. दुकानदार २० ते २५ टक्के मागतो. म्हणून पाकिटावर अर्ध्या किलोला १५० रुपये छापा. दुकानदाराचे २२ टक्के गेले तरी किलोला २३४ हातात येतात. बाजारात स्वतः बसून तुम्ही १२५ ला देऊ शकता, मात्र ज्या गावात तुमचा दुकानदार आहे तिथे नको, तो दुखावतो.

"एवढं महाग कोण घेईल?" हा प्रश्न बैठकीत येणारच. आधी हे बघा की किती विकलं म्हणजे निभतं. वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे मुलीचा पगार, यंत्राची झीज आणि भाडं-नोंदणी वगैरे, मिळून १,८४,००० रुपये. किलोमागे बदलणारा खर्च, खराबी धरून, सुमारे १५२ रुपये. २३० मधून १५२ गेले की ७८ उरतात. १,८४,००० ला ७८ ने भागलं की वर्षाला सुमारे २,३५० किलो, महिन्याला १९६ किलो. म्हणजे अर्ध्या किलोची चारशे पाकिटं. हा आकडा खडूने भिंतीवर लिहा. चारशेच्या खाली गेलेला महिना तोट्याचा, वर गेलेला फायद्याचा, हे अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही कळतं.

अनुदान मिळालं असेल तर ते कुठे बसवायचं तेही याच हिशोबातून निघतं. प्रस्तावातच लिहा की पगार पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी अर्धा, तिसऱ्या वर्षी पाव अनुदानातून येईल. किंमतीत मात्र तो पहिल्या दिवसापासून पूर्ण धरलेला असेल. मग पहिल्या वर्षी विक्रीतून आलेले पगाराचे पैसे खर्च न होता साठतात. ४० घाणे विकले गेले तर एक लाख चव्वेचाळीस हजार. ही रक्कम पुढच्या हंगामाची नागली घ्यायला वापरायची आहे, हे देणगीदाराला आधी सांगून लेखी मान्य करून घ्या. समजूतदार देणगीदाराला हे आवडतं. ज्याला आवडत नाही त्याच्याकडून यंत्रापुरते पैसे घ्या आणि पगारासाठी घेऊ नका.

चारशे पाकिटं कुठे जाणार?

मुंबईत भुलेश्वर-गिरगाव भागात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतची ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यातला एक निर्णय मात्र कमी सांगितला जातो: तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती ओळखीच्या दुकानदाराकडे गेली. म्हणजे माल होण्याआधीच गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आपणही त्याच क्रमाने जावं.

माझा अनुभव असा की चारशे पाकिटांसाठी दोनशे घरं पुरतात. महिन्याला दोन पाकिटं घेणारी दोनशे घरं. ती शोधायला पुण्या-नाशिकला गेलेल्या आपल्याच गावच्या माणसांपासून सुरुवात करा. प्रत्येक सोसायटीत एक ओळखीचं घर, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी गोळा होते, महिन्याच्या ठरलेल्या रविवारी माल जातो, पैसे त्याच दिवशी. तारीख चुकवायची नाही. एखाद्या महिन्यात नफा कमी झाला तरी चालेल, पण रविवार चुकला की ते घर हळूच किराण्याच्या दुकानाकडे परततं.

मुंबईचं महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा यांसारखी प्रदर्शनं विक्रीला चांगली आणि शिकायला त्याहून चांगली. पण प्रदर्शनाच्या पाच-दहा दिवसांची विक्री वर्षाच्या हिशोबात धरू नका. तिथून रोख रकमेपेक्षा फोन नंबरांची वही भरून आणा. परतल्यावर आठ दिवसांत प्रत्येकाला निरोप जायला हवा.

वसतिगृहं, खानावळी, कंपन्यांची कँटीन ही ठोक गिऱ्हाइकं असतात. त्यांचं पैसे देणं लांबतं, म्हणून एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त त्यांच्यावर ठेवू नये. मागची बाकी आल्याशिवाय नवा माल नाही, ही पाटी लावा आणि सरपंचांच्या पाव्हण्यालाही ती लागू करा.

ताजी भाजी, फळं, रानभाज्या विकणार असाल तर २०१६ पासून वाट थोडी मोकळी आहे. राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, टाकळा, भारंगी, करटोली घेऊन बायका शहरात बसतात आणि हातोहात विकून येतात. शेवळ्याबद्दल मला काळजी वाटते. आपण फुलोराच खुडतो, म्हणजे बी धरायच्या आधीच. मागणी वाढली तशी कोवळी-जून सगळीच खुडली जातात. गटाने ठरवून प्रत्येक जागेवर काही शेवळं राखली नाहीत तर शहराला चव लागेपर्यंत रान रिकामं होईल.

हंगामात लागणारे दोन लाख

नागली कार्तिकात निघते आणि वर्षभर लागते. ४० घाण्यांना ४,००० किलो, म्हणजे दोन लाख रुपये एकदम. ते नसले की गट उन्हाळ्यात व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने माल घेतो आणि वरचा सगळा हिशोब मोडतो. मी पाहिलेले बरेचसे धंदे गिऱ्हाईक असतानाही इथे खेळतं भांडवल नसल्यामुळे अडले.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची अडचण हीच होती. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण त्या घालायच्या, पैसे पगाराला मिळायचे, तोवर किराणा उधारीवर आणि व्याजावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून देण्यापासून. स्वयंपाक त्यांना शिकवायची गरज नव्हती. हातात खेळतं भांडवल येणं ही गरज होती.

तुमच्यासाठी पैशाचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी गटाची स्वतःची बचत. मग साठवलेली पगाराची रक्कम. मग उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, फिरता निधी आणि बँकेशी जोडणी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० साली आली. तिच्यात बचत गटाच्या प्रत्येक प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आणि यंत्रसामग्रीसाठी कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं होतं. यंदा अर्ज सुरू आहेत का आणि कोणत्या अटींवर, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. दलालाच्या फोनवर विसंबू नका. शेतकऱ्यांशी बोलून एक सोयही करता येते: निम्मे पैसे मोजणीच्या दिवशी, निम्मे होळीला. आपल्याच गावचे असतात, शब्द पाळला तर पुढच्या वर्षी स्वतः बोलवतात.

संस्था कुठे थांबते, धंदा कुठे सुरू होतो

न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा ना-नफा कंपनी यांना नफा सभासदांत वाटता येत नाही. तो संस्थेच्या कामासाठीच वापरावा लागतो. बायकांना वर्षअखेर त्यांच्या कामाचा वाटा मिळायला हवा असेल तर धंदा बचत गट, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी यांच्या नावावर असावा. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ साली आली. निदान दहा उत्पादक एकत्र आले की ती काढता येते आणि नफा कुणी किती माल दिला त्या प्रमाणात वाटता येतो. पण तिचा लेखापरीक्षणाचा आणि दरवर्षीच्या कागदपत्रांचा खर्च असतो. वर्षाची उलाढाल आठ-दहा लाखांच्या आत असेल तोवर बचत गट किंवा ग्रामसंघच ठीक, असं मला वाटतं. तीनशे सभासदांची कंपनी कागदावर काढून ती झोपवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

मग संस्थेने काय करायचं? प्रशिक्षण, मालाची तपासणी, हिशोब, मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलणी. आणि त्याचे पैसे घ्यायचे. माविमने, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाने, बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली ती याच विचाराने: गट केंद्राला सेवाशुल्क देतात आणि केंद्र त्यावर चालतं. तुमच्या संस्थेने किलोमागे चार-पाच रुपये घेतले तरी ३,२०० किलोंवर वर्षाला पंधरा हजार होतात. रक्कम छोटी आहे, पण अशा दहा गटांना सेवा दिली की एका कार्यकर्त्याचा पगार निघतो आणि कोणत्याही देणगीदाराचं पत्र यायची वाट बघावी लागत नाही. एकट्या एका गटावर संस्था चालणार नाही. लहान संस्थांनी दोन-तीन तालुक्यांत हातात हात घालून एकच तपासनीस आणि एकच लेखनिक ठेवावा, यात कमीपणा नाही.

संस्थेच्या नावावरच विक्री होत असेल तर तिचे हिशोब देणगीपासून वेगळे लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वेगळं बँक खातं, वेगळी पावती पुस्तकं. करसवलतीला धक्का कधी लागतो हे धर्मादाय संस्थांचं काम करणाऱ्या सनदी लेखापालाकडून एकदा लिहून घ्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा नमुना भरून नोंदणी लागते. विश्वस्ताचा भाऊ नागली पुरवणार असेल किंवा त्याच्या टेम्पोतून माल जाणार असेल तर ते ठरावात लिहून सगळ्यांसमोर भाव ठरवा. गावात बाकी सगळं विसरलं जातं, पैशाचा संशय विसरला जात नाही.

नोंदणी आणि पाकीट

अन्नसुरक्षेची नोंदणी छोट्या उत्पादकालाही लागते. ती ऑनलाइन होते, शुल्क वर्षाला १०० रुपये आणि मिळणारा क्रमांक १४ आकडी. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, घाण्याचा क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन, शाकाहाराची हिरवी खूण आणि हा नोंदणी क्रमांक हवा. 'मधुमेह बरा होतो', 'हाडं मजबूत होतात' असं काही छापू नका. प्रमाणपत्र नसेल तर 'सेंद्रिय'ही छापू नका. गावाचं नाव आणि 'मोड आणून उन्हात वाळवलेली' एवढं खरं वाक्य पुरेसं आहे.

घाण्याचा क्रमांक हा सरकारी सोपस्कार समजू नका. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून कपाटात ठेवायचं. तक्रार आली की तेच फोडून बघायचं. कुणाच्या घरी वाळवण झालं, कोणत्या दिवशी पाऊस शिंतडला होता, सगळं वहीत सापडतं आणि भांडण होत नाही.

घरातली कणगी

धाराशिव-लातूर भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर हजारो बायकांनी घरच्या शेतातली एक एकर जागा मागून घेतली आणि तिथे डाळी, धान्य, भाज्या लावल्या, खत-बियाणं शक्य तेवढं घरचं. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यातलं भावतं ते हे की पहिला वाटा घरच्या ताटाचा आणि उरलेलं बाजाराचं. नागलीला भाव आला की उलटं व्हायला वेळ लागत नाही. घरची नागली गोणीने जाते आणि मुलं रेशनच्या गव्हावर राहतात. म्हणून खरेदीच्या दिवशी गटाने प्रत्येक घराला विचारावं: वर्षाची खाण्याची बाजूला काढली का? बियाणं ठेवलं का? मगच काटा लावावा.

बियाण्याचं नाव निघालं की अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांचं घर आठवतंच. गावरान वाणांची त्यांनी बायफ या ग्रामविकास संस्थेच्या साथीने उभी केलेली बियाणे बँक आणि २०२० चा पद्मश्री हे सगळ्यांना ठाऊक आहे. गटासाठी त्यातला उपयोगाचा भाग साधा आहे: हळव्या (लवकर येणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा येणाऱ्या) नागलीचं बी वेगळं, नाव लिहून, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात जपा. सगळ्या गावाने एकच वाण लावला आणि पाऊस हुकला तर त्या वर्षी दळायला काहीच उरत नाही.

पहिलं वर्ष

श्रावण-भाद्रपदात चार बाजारांची वही भरा आणि सोसायट्यांतली पहिली तीस घरं बोलून ठेवा. दसऱ्याच्या सुमाराला मागच्या वर्षीच्या नागलीचे दोन छोटे घाणे काढा, तीस घरांना विकत द्या. फुकट वाटू नका, फुकटचं सगळ्यांनाच आवडतं आणि त्यातून काही कळत नाही. आलेल्या तक्रारी दुरुस्त करा. नोंदणी याच महिन्यांत करून घ्या. कार्तिक-मार्गशीर्षात खरेदी. यंत्र तोवर घेऊ नका, तालुक्याच्या गिरणीतून दळून आणा. गिरणी धुऊन, आपल्या डोळ्यांदेखत. महिन्याला शंभर पाकिटं सलग तीन महिने गेली की यंत्राचा प्रस्ताव लिहायला बसा, कारण आता तुमच्याकडे लिहायला खरे आकडे आहेत.

आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी हिशोब मोठ्याने वाचायचा. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, त्याआधी तिचा परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकल्या आणि परत जाऊन म्हणाल्या, व्याजाचा हिशोब घाला, तुमच्या अधिकाऱ्यांच्या आधी आम्ही तोंडी करून दाखवतो. आपल्या गटात अशा बायका असतातच. वही लिहिणारी मुलगी वाचेल, बाकीच्या बोटांवर मोजतील. किती पाकिटं गेली, किती परत आली, कुणाची बाकी किती, संस्थेचे किलोमागचे पाच रुपये दिले का. चुकलं तर कुणीतरी तिथेच टोकेल. मग खडू घेऊन भिंतीवरचा आकडा पुसायचा आणि या महिन्याचा लिहायचा.